एक चार्जर, अनेक रसायनं: खाऱ्या हवेत सुटे भाग निवडताना

हरिहरेश्वरात पर्यटकांची राहण्या-जेवण्याची सोय करणाऱ्या एखाद्या घरात पावसाळ्याआधी बॅटऱ्यांची शिरगणती केली, तर यादी सहज लांबते. इन्व्हर्टरखाली पाण्याची ट्युब्युलर बॅटरी असते. इमर्जन्सी लाईटमध्ये छोटी सीलबंद लेड-ॲसिड आणि अंगणातल्या सौरदिव्यात लिथियम आयर्न फॉस्फेटचा पॅक असतो. टॉर्चमध्ये १८६५० मापाचा लिथियम-आयन सेल, तर कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे पेन्सिल सेल. घरातल्या कुणाची बागमांडल्याला होडी असेल, तर तिची १२ व्होल्टची बॅटरी वेगळीच. या प्रत्येकाचा चार्जर निराळा. त्यातले निम्मे दोन-तीन पावसाळ्यांत गंजून बाद झालेले असतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन तालुक्यात विजेचे खांब ओळीने आडवे झाले, आणि अनेक वाड्यांवर लाईट यायला आठवडे लागले. तेव्हापासून इथे चार्जर ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. अडॅप्टरवर किंवा सोलर पॅनेलवर चालेल, वेगवेगळ्या रसायनांच्या बॅटऱ्या नीट भरेल आणि गावातच दुरुस्त होईल असा एक चार्जर स्वतः बांधणं शक्य आहे. ज्यांना सोल्डरिंग येतं आणि मल्टिमीटर हाताळता येतो, त्यांच्यासाठी हा लेख. सुटे भाग कुठले घ्यावेत आणि का, एवढाच त्याचा विषय.

सुरुवात बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून करतात. किती अँपिअरचं मॉड्यूल आणायचं, हा पहिला प्रश्न असतो. खरं तर पॉवरचा भाग सगळ्यात सोपा. बॅटरीचं आयुष्य ठरतं ते चार्जिंग कुठे थांबतं यावर, आणि ते थांबणं अचूक मोजमापावर उभं असतं. म्हणून आधी थांबण्याची रीत, मग मोजणारे भाग आणि शेवटी करंट देणारे भाग, या क्रमाने निवड करावी.

कोण कुठे थांबतं

१२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीला क्षमतेच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका करंट द्यायचा. व्होल्टेज १४.४ पर्यंत चढलं की ते तिथे धरून ठेवायचं आणि करंट पुरेसा उतरला की १३.५ ते १३.८ वर, म्हणजे फ्लोटवर, सोडायचं. त्या व्होल्टेजवर ती महिनोन् महिने जोडलेली राहू शकते. हे आकडे २५ अंश सेल्सिअसचे आहेत. त्यावरच्या प्रत्येक अंशाला सुमारे २० मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. मे महिन्यात पडवीत ३५ अंश असतील तर १४.४ ऐवजी १४.२ व्होल्ट हवेत. हा फरक न पाळणारा चार्जर बॅटरीचं पाणी उडवतो.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या एका सेलची वरची मर्यादा ३.६५ व्होल्ट, म्हणजे चार सेलांच्या पॅकची १४.६. पण तिथपर्यंत ताणायची गरज नसते. १४.२ ते १४.४ व्होल्टवर पॅक जवळजवळ पूर्ण भरतो आणि सेलांना त्रास कमी होतो. भरल्यावर सरळ थांबायचं.

लिथियम-आयन सर्वांत काटेकोर. सेलमागे ४.२० व्होल्ट आणि सहनमर्यादा एक टक्का, म्हणजे जेमतेम ४२ मिलिव्होल्ट. करंट क्षमतेच्या दहाव्या ते विसाव्या हिश्श्यावर उतरला की चार्जिंग तोडायचं. फ्लोटवर कधीच ठेवायचं नाही. सेल ३ व्होल्टच्या खाली गेलेला असेल तर आधी अगदी थोडा करंट देऊन तो वर आणायचा. २ व्होल्टच्याही खाली बराच काळ पडून राहिलेला सेल वाचवण्याचा मोह टाळावा.

निकेल-मेटल हायड्राइडची रीत यांहून पूर्ण वेगळी. त्याला ठरावीक व्होल्टेज नसतंच. ठरावीक करंट देत राहायचं, आणि सेल भरल्यावर व्होल्टेज किंचित घसरतं किंवा तापमान झपाट्याने वाढू लागतं, ती खूण पकडायची. ही घसरण सेलमागे पाचेक मिलिव्होल्ट, आणि तीही करंट भरपूर असेल तरच दिसते. हळू चार्जिंगमध्ये ती हरवून जाते.

यावरून माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या तिघांना एकाच वाटेने नेता येतं: आधी ठरलेला करंट, मग ठरलेलं व्होल्टेज. चौथ्याला त्या वाटेवर ओढू नये. पेन्सिल सेलांसाठी त्याच पेटीत एक छोटं स्वतंत्र बोर्ड ठेवावं. २००० मिलिअँपिअर-अवरच्या सेलांना २०० मिलिअँपिअरने १४ ते १६ तास, ही जुनी रीत पुरेशी आहे. १९७६ पासून बाजारात असलेला एलएम३१७ इथे अजूनही चोख काम करतो. त्याच्या आऊटपुट आणि ॲडजस्ट या पायांमध्ये १.२५ व्होल्ट असतात. तिथे ६.२ ओहमचा रेझिस्टर घातला की करंट २०० मिलिअँपिअरच्या आसपास स्थिर होतो. रेझिस्टरमध्ये पाव वॅट उष्णता होते, म्हणून तो १ वॅटचा घ्या. दोन सेल मालिकेत आणि पुरवठा ९ व्होल्ट असेल तर एलएम३१७ मध्ये सुमारे १ वॅट जातो, त्याला छोटा हीटसिंक पुरतो. सोबत १६ तासांनी तोडणारा टायमर हवाच.

रसायन चार्जरला ओळखू देऊ नका

बॅटरी आपोआप ओळखणारा चार्जर बनवावा असं प्रत्येकाला वाटतं. पण १३.२ व्होल्ट दाखवणारी बॅटरी लेड-ॲसिडही असू शकते आणि चार सेलांचा लिथियम आयर्न फॉस्फेटचा पॅकही. तीन सेलांचा लिथियम-आयन पॅक भरल्यावर १२.६ व्होल्ट दाखवतो, म्हणजे लेड-ॲसिडसारखाच दिसतो. त्याला १४.४ व्होल्ट लावले तर प्रत्येक सेलवर ४.८ येतील, आणि मग आगीची शक्यता खरी असते. नुसत्या व्होल्टेजवरून रसायन ओळखता येत नाही. फिरवायचा स्विचही नको, कारण अंधारात, घाईत तो चुकीच्या खुणेवर राहतोच.

त्यापेक्षा प्रत्येक प्रकारच्या बॅटरीसाठी वेगळी वायर बनवा. तिच्या एका टोकाला त्या बॅटरीला बसणारा कनेक्टर किंवा चिमटे. दुसऱ्या टोकाला चार्जरमध्ये जाणारा, कडं फिरवून घट्ट होणारा गोल कनेक्टर, त्यात दोन जाड आणि तीन बारीक पिना. बारीक पिनांपैकी एकीवर ओळखीचा रेझिस्टर, समजा लेड-ॲसिडला १ किलोओहम, आयर्न फॉस्फेटला ३.३, लिथियम-आयनला १०. दुसरीवर बॅटरीला चिकटवायचा १० किलोओहमचा थर्मिस्टर. तिसरी बॅटरीच्या टोकाशी व्होल्टेज मोजण्यासाठी. ओळखीची पिन तुटली किंवा शॉर्ट झाली तर चार्जिंग सुरूच होऊ नये. थर्मिस्टर तुटला तर तो अतिथंड तापमान दाखवतो, तेव्हाही थांबलं पाहिजे. वायरीने सांगितलेलं रसायन आणि मोजलेलं व्होल्टेज जुळतं का, एवढीच पडताळणी चार्जरने करावी.

करंटची मर्यादाही याच रेझिस्टरवरून ठरवा. होडीच्या बॅटरीला योग्य असलेले ४ अँपिअर एका १८६५० सेलला दिले तर तो तापेल आणि खराब होईल. त्याला १ अँपिअर पुरे.

तिसरी पिन का हवी, तेही पाहू. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे १२ मिलिओहम. जाऊन-येऊन दोन मीटरमध्ये ४ अँपिअरला जवळपास ०.१ व्होल्ट पडतात. चार्जरने आपल्याच टोकाशी मोजलं तर बॅटरी भरली असं त्याला आधीच वाटतं आणि तो करंट लवकर उतरवतो. यात धोका नाही, पण तास वाया जातात, आणि पावसाळ्यात ऊन तासा-दोन तासांपुरतंच मिळत असताना ते परवडत नाही.

मोजणारे भाग: इथे पैसे वाचवू नका

मेंदू म्हणून एटीमेगा३२८पी बहुतेकांच्या ओळखीचा असतो, आणि या कामाला पुरतो. पण त्याचं स्वतःचं मोजमाप पुरत नाही. त्याचा १० बिटांचा कन्व्हर्टर ५ व्होल्टची विभागणी सुमारे ४.९ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांत करतो. १२ व्होल्टची बॅटरी मोजायला चारास एक विभाजक लावला की पायरी जवळपास २० मिलिव्होल्टची होते. त्याचं आतलं १.१ व्होल्टचं संदर्भ व्होल्टेज तर १.० ते १.२ यांमध्ये कुठेही असू शकतं. ४२ मिलिव्होल्टची सहनमर्यादा अशा पट्टीने मोजता येत नाही.

म्हणून आयएनए२२६ घ्या. ही चिप ३६ व्होल्टपर्यंतचं व्होल्टेज १.२५ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांत मोजते आणि शंटवरून करंटही मोजते. स्वस्त मिळणाऱ्या आयएनए२१९ च्या बोर्डात व्होल्टेजची पायरी ४ मिलिव्होल्टची आणि शंट बहुधा ०.१ ओहमचा असतो. ४ अँपिअरला त्या शंटमध्ये १.६ वॅट जळतील, आणि त्याची मर्यादाही ३.२ अँपिअरला संपते. आयएनए२२६ सोबत १० मिलिओहमचा, १ टक्क्याचा, १ वॅटचा शंट लावला तर ४ अँपिअरला ४० मिलिव्होल्ट मिळतात आणि उष्णता फक्त ०.१६ वॅट. विकत घेताना बोर्डावरच्या शंटवर काय छापलंय ते पाहा. आर१०० म्हणजे ०.१ ओहम, आर०१० म्हणजे १० मिलिओहम.

यापुढचा भाग खास या किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी. चार्जरचं व्होल्टेज ठरतं ते दोन रेझिस्टरच्या विभाजकावर. मिठाची आर्द्रता बोर्डावर बसली की तिचा पातळ थर वीज वाहून नेऊ लागतो. समजा ही गळती १ मेगाओहमची आहे आणि ती विभाजकाच्या खालच्या रेझिस्टरला समांतर आली. संदर्भ व्होल्टेज १.२५, खालचा रेझिस्टर १०० किलोओहम आणि ठरवलेलं व्होल्टेज १४.४ असेल, तर चार्जर प्रत्यक्षात १५.७ व्होल्ट देऊ लागेल. खालचा रेझिस्टर १० किलोओहमचा असता तर तीच गळती १४.५३ वर थांबली असती, आणि २ किलोओहमच्या आसपासचा असता तर फरक जाणवलाही नसता. वीज वाचवण्यासाठी मोठे रेझिस्टर वापरावेत ही पुस्तकी शिकवण पुण्यातल्या कोरड्या टेबलावर बरोबर आहे. हरिहरेश्वरात ती बॅटरी मारते. विभाजकातून एखादा मिलिअँपिअर वाहू द्या, पण रेझिस्टर लहान ठेवा. ते ०.१ टक्क्याचे, मेटल फिल्मचे घ्या. साध्या १ टक्क्याच्या जोडीत १४.४ व्होल्टवर दोन्ही चुका एकाच दिशेला गेल्या तर पाव व्होल्टपर्यंत फरक पडतो.

याच कारणासाठी तयार मॉड्यूलांवरचे निळे, स्क्रूने फिरणारे प्रीसेट काढून टाका. बहुतेक मॉड्यूलांत व्होल्टेजचा प्रीसेट विभाजकाच्या वरच्या बाजूला असतो. आतला सरकता संपर्क गंजून सुटला की चिपला व्होल्टेज शून्य वाटतं आणि ती इनपुटचं सगळं व्होल्टेज बॅटरीवर सोडते. त्या जागी ठरलेले रेझिस्टर सोल्डर करा. शेवटच्या काही मिलिव्होल्टची दुरुस्ती मोजून, समांतर एक मोठा रेझिस्टर जोडून करता येते. तो मोठा असला तरी त्याचा वाटा छोटा असल्याने गळतीचा परिणाम नगण्य राहतो.

रसायनानुसार व्होल्टेज बदलताना खालचाच रेझिस्टर बदला. कायम जोडलेला रेझिस्टर ४.२ व्होल्ट देईल असा ठेवा आणि १४.४ साठी दुसरा एक मॉस्फेटमार्फत समांतर जोडा. मॉस्फेट उघडा राहिला, वायर तुटली, मेंदू बंद पडला, तरी व्होल्टेज खालीच येईल. मॉस्फेट शॉर्ट झाला तर मात्र वर जाईल. त्यासाठी मेंदूपासून स्वतंत्र असा पहारा हवा: एलएम३९३ कंपॅरेटर, टीएल४३१ चा संदर्भ, आणि मर्यादा ओलांडताच आऊटपुट तोडणारा रिले. लिथियम पॅकमधल्या बीएमएसवर, म्हणजे सेलांच्या संरक्षक सर्किटवर, चार्जिंग थांबवण्याचं रोजचं काम टाकू नका, ते शेवटचं कुंपण आहे.

करंट देणारे भाग

बाजारात बहुरसायनी चार्जिंगच्या खास चिपाही आहेत. एलटी३६५२ सोलरसाठी उत्तम आहे: ४.९५ ते ३२ व्होल्ट इनपुट, १४.४ व्होल्टपर्यंत आऊटपुट, २ अँपिअर, शिवाय पॅनेलचं व्होल्टेज कोसळू न देण्याची सोय. पण तिचा विभाजक बनवणाऱ्यांनीच शेकडो किलोओहमचा सुचवलेला आहे. म्हणजे वर सांगितलेलं दुखणं पुन्हा आलं, आणि बोर्डाला लेप दिल्याशिवाय ती किनाऱ्यावर वापरू नये. एलटीसी४०१५ लेड-ॲसिड, आयर्न फॉस्फेट आणि लिथियम-आयन तिन्ही सांभाळते, मोजमापही स्वतः करते. मात्र तिचे पाय पोटाखाली असतात. हॉट एअर आणि सवय नसेल तर ती हाताने बसवणं कठीण, आणि बिघडली तर गावात बदलता येत नाही.

म्हणून एक-दोन नग बनवायचे असतील तर एक्सएल४०१५ वर आधारलेला साधा बक कन्व्हर्टर मी पसंत करतो. मोठ्या पायांची चिप, सहज मिळणारी, बदलायला सोपी. तिच्या संदर्भ व्होल्टेजवर लिथियम-आयनसाठी आंधळा विश्वास नको. आयएनए२२६ चं मोजमाप हाच अंतिम शब्द.

एक्सएल४०१५ ची इनपुट मर्यादा ३६ व्होल्ट आहे, हे लक्षात असू द्या. १२ व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं ३६ सेलांचं पॅनेल उघड्यावर सुमारे २२ व्होल्ट देतं, ते चालेल. छपरावरच्या मोठ्या सिस्टिमचं ६० सेलांचं जुनं पॅनेल स्वस्तात मिळालं म्हणून जोडलं, तर ते उघड्यावर ३७-३८ व्होल्ट देतं आणि पहिल्याच उन्हात चिप जाते. आणखी एक, ढगाळ दिवशी बक कन्व्हर्टर पॅनेलकडून झेपेल त्याहून जास्त करंट मागतो आणि पॅनेलचं व्होल्टेज कोसळतं. इनपुट १७ व्होल्टच्या खाली जाऊ लागलं की करंट कमी करायचा, एवढा नियम प्रोग्राममध्ये घातला की जुलैतही काहीतरी हाती लागतं.

घरच्या विजेवर चालवायला २३० व्होल्टचा भाग स्वतः बनवू नका. लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरचा, भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी असलेला अडॅप्टर वापरा. तो ६५ वॅटचा. ९० टक्के कार्यक्षमता धरली तर १४.४ व्होल्टवर ४ अँपिअर मिळतात, आणि म्हणूनच या लेखात सगळीकडे ४ अँपिअर धरले आहेत. हा चार्जर ४० अँपिअर-अवरपर्यंतच्या लेड-ॲसिडसाठी आहे. इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीला याने दीड दिवसाहून जास्त लागेल. तिला इन्व्हर्टरच भरू द्या.

इंडक्टर ४७ मायक्रोहेन्रीचा, किमान ६ अँपिअरपर्यंत सॅच्युरेट न होणारा. मॉड्यूलवर येणारी पिवळ्या-पांढऱ्या रंगाची लोहचूर्णाची रिंग एक्सएल४०१५ च्या १८० किलोहर्ट्झला बरीच तापते. बंद पेटीत तिच्याऐवजी कवचबंद फेराइट इंडक्टर बरा.

अडॅप्टर काढला की बॅटरी उलट दिशेने, चिपमधून, रात्रीच्या पॅनेलमध्ये रिकामी होऊ लागते. ते अडवायला आऊटपुटला शॉटकी डायोड हवा. १० अँपिअर, ४५ व्होल्टचा, टीओ-२२० आकाराचा घ्या. व्होल्टेज मोजायची वायर डायोडच्या पुढे, बॅटरीशी. डायोडमध्ये दीड-दोन वॅट जातात, त्यामुळे तिथे आयआरएफ४९०५ सारखा पी-चॅनेल मॉस्फेट बसवण्याचा मोह होतो. पण एका लिथियम-आयन सेलच्या ४.२ व्होल्टवर तो नीट चालूच होत नाही. शॉटकीच ठेवा. प्रत्येक वायरीत, बॅटरीच्या अगदी जवळ, गाडीतला ७.५ अँपिअरचा पात्याचा फ्यूज घाला.

कपॅसिटर १०५ अंशांचे आणि लो-ईएसआर असू द्या. तापमान दर १० अंशांनी कमी झालं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. १०५ अंशांना २००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास टिकतो. इनपुटला नुसते सिरॅमिक नकोत. लांब वायरीचं पॅनेल अचानक जोडलं की त्यांवर क्षणभर जवळपास दुप्पट व्होल्टेज उसळतं. शेजारचा मोठा इलेक्ट्रोलिटिक ते शमवतो.

पेटी, लेप आणि खरेदी

पंखा लावू नका. पंखा खारी हवा आत ओढतो. एकूण उष्णता आठेक वॅट, ती पेटीबाहेर बसवलेली ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची पट्टी सहज बाहेर टाकते. पेटी रबर गास्केट असलेली प्लास्टिकची, वायरी कथील चढवलेल्या तांब्याच्या, स्क्रू स्टेनलेसचे. ॲल्युमिनियमला टेकणाऱ्या स्टेनलेस स्क्रूला ग्रीस लावा, नाहीतर मिठाच्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजतं.

बोर्ड पूर्ण झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स धुवा, नीट वाळवा आणि मगच ॲक्रिलिक लेप द्या. न धुता दिलेला लेप ओल आत कोंडतो. कनेक्टरवर आधी टेप लावा. ॲक्रिलिकचा फायदा असा, की त्यावरूनच पुन्हा सोल्डर करता येतं. फटी बुजवायला सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातलं ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या.

भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात मिळतील. प्रत्येक चिपचे दोन-तीन नग जास्त आणा, कारण इथून पुन्हा जाणं म्हणजे दिवस मोडणं. ९९०० मिलिअँपिअर-अवर छापलेला १८६५० सेल दिसला तर तो नकली आहे. त्या मापाचे चांगले सेल ३५०० च्या आसपास असतात.

पहिल्यांदा बॅटरी जोडण्याआधी प्रत्येक वायर लावून रिकाम्या आऊटपुटचं व्होल्टेज चांगल्या मल्टिमीटरने मोजा. मग गाडीच्या हेडलाईटचा १२ व्होल्ट, ५५ वॅटचा बल्ब लोड म्हणून जोडून अर्धा तास चालवा आणि डायोड, इंडक्टर, शंट किती तापतात ते पाहा. ओळखीची पिन मुद्दाम काढा, थर्मिस्टर काढा, दोन्ही वेळा चार्जिंग तुटतं ना ते तपासा. पहिलं लिथियम चार्जिंग जांभ्या चिऱ्यावर किंवा फरशीवर, लाकडी माळ्यापासून लांब, समोर बसून करा. पाण्याच्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, तेव्हा ती भरताना खिडकी उघडी हवी. यानंतर दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस पेटी उघडून तीच व्होल्टेजं पुन्हा मोजा आणि आकडे झाकणाच्या आत लिहून ठेवा. ४.२० चं ४.२३ झालेलं दिसलं, तर बोर्ड अल्कोहोलने धुऊन, वाळवून आणि नवा लेप देऊनच चार्जर वापरात घ्या.